होडीचा कासरा

मला पाण्याची भीती वाटते. पासष्टी ओलांडली तरी वाटते. विहिरीच्या काठावर उभा राहिलो तरी पोटऱ्या थरथरतात, धरणाचं तर बोलूच नका. आणि अशा माणसाच्या नशिबी बायको आली ती रोज पाण्यावरून कामाला जाणारी.

ती नर्स होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात सरकारी उपकेंद्र होतं आणि त्या उपकेंद्राखाली येणारा एक तांडा धरणाच्या पाण्यापलीकडे होता. रस्त्यानं गेलं तर सत्तावीस किलोमीटर. त्यात दोन नाले आणि पावसाळ्यात दोन्ही नाल्यांवरचे रपटे, म्हणजे पाण्यालगतचे ठेंगणे पूल, वाहून जायचे. पाण्यावरून मात्र पाऊण तास. लसीच्या डब्यात बर्फ असतो, बर्फ काही रस्त्याची वाट पाहत नाही. तांड्यावरच्या बायका तिला 'याडी' म्हणायच्या, म्हणजे आई. आम्हाला स्वतःचं मूल झालं नाही. त्यामुळे माझ्या काळजीला दुसरं ठिकाणच नव्हतं, सगळी तिच्याच वाट्याला जायची.

मी जिनिंगमध्ये फिटर होतो. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचे पट्टे, रोलर, बेअरिंगं यांच्यात माझी उमर गेली. पण मी सांगतोय ती कापसाची वाईट वर्षं. बोंडात अळी, बाजारात भाव नाही, आणि ज्याच्या घरी जावं त्याचं तोंड उतरलेलं. दसऱ्याला सुरू होणारी जिनिंग दिवाळी उलटली तरी बंद असायची आणि होळीच्या आत पुन्हा कुलूप लागायचं. हाताला काम नसलं की माझ्या डोक्याला काम लागतं, आणि माझ्या डोक्याला काळजीशिवाय दुसरं कुठलंच काम येत नाही. ती निघाली की मी काठावर जाऊन उभा राहायचो. ती परत येईस्तोवर घरी जायचो नाही. लोक हसायचे. हसोत बापडे.

होडी आमची नव्हती. धरणाच्या कॉलनीत एक इंजिनियर साहेब राहत, मूळचे कोकणातले. त्यांनी हौसेनं एक लहानशी शिडाची होडी बांधून घेतली होती. आमच्याकडे कुणी असलं काही पाहिलेलं नव्हतं. आमचे भोई लोक डोंग्यात बसून जाळी टाकतात, पण डोंग्याला शीड नसतं. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी ती होडी उपकेंद्राला देऊन टाकली आणि तीन रविवार माझ्या बायकोला शिकवलं. मी तिच्या चपला हातात धरून काठावर उभा.

साहेबांनी तिला दोन गोष्टी पक्क्या सांगितल्या. पहिली सुकाणूची. सुकाणू म्हणजे होडीच्या मागं पाण्यात उभी असलेली फळी, आणि तिला वरून जोडलेला एक लाकडी दांडा असतो, तो हातात धरायचा. दांडा ज्या बाजूला न्याल त्याच्या उलट बाजूला होडी वळते. दुसरी गोष्ट शिडाची. शिडाला एक दोरी असते, ती सदा हातात ठेवायची, कशाला बांधायची नाही. वारा अंगावर आला की दोरी सोडून द्यायची, मग शीड नुसतं फडफडतं आणि होडी सरळ राहते. दोरी बांधलेली असली तर तोच वारा होडीला आडवी पाडतो. हे साहेबांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मी माझ्या या कानांनी ऐकलं होतं, म्हणून सांगतो.

आता बिनकामाचा फिटर आणि समोर एक यंत्र, मग तो काय करणार? पहिल्याच आठवड्यात मला दिसलं की सुकाणू खडखडतं. ते ज्या दोन लोखंडी खुंट्यांवर लटकलं होतं त्या झिजल्या होत्या. मी जिनिंगच्या भंगारात पडलेल्या एका यंत्राचे पितळी बुश, म्हणजे खुंटीवर चढवायच्या नळ्या, काढले, घासून बसवले, आणि खडखड बंद झाली. मग कळलं की पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत आणि सुकाणू त्यांना आदळतं. मी फळीचे दोन भाग केले आणि मधे बोल्ट टाकला, आदळली की खालचा भाग आपोआप वर उचलायचा. हे काम अजून आठवलं तरी मला स्वतःचं कौतुक वाटतं. मग दांडा हातभर लांब केला. दर सुधारणेनंतर दोन दिवस बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी पहाटेच डोळे उघडे, आणि मी मनात आणखी कुठला नट ढिला असेल ते शोधत पडलेला.

"तुमी झोपा ना बावा," ती म्हणायची. "होडी रातच्यानं कुठी जाऊन राह्यली?"

मी म्हणायचो, "होडीचं नाही, तुह्यं पाहून राह्यलो."

एकदा पोळ्याच्या पुढेमागे ती परत येत होती. काठाजवळ आली आणि एकाएकी एक म्हैस पोहत आडवी आली. म्हैस डावीकडून, तर हिनं उजवीकडे वळायला पाहिजे. पण ही मुकुटबनकडच्या शेतकऱ्याची पोर, लहानपणापासून बापाची बैलगाडी हाकलेली. उजवीकडे जायचं तर उजवा कासरा ओढायचा, हे तिच्या हाडात मुरलेलं. घाईत तिनं दांडा उजवीकडेच ओढला. होडी डावीकडे वळली, म्हशीला चाटून गेली आणि काठाच्या दगडावर धाडकन आपटली. हिचं कपाळ डोलकाठीवर. टेंगूळ आलं चांगलं लिंबाएवढं. म्हैस तशीच निघून गेली.

ती हसत होती. मी काठावर बसूनच गेलो. मग आठ दिवस मला झोप नाही. डोळे मिटले की ती दांडा उलटा ओढताना दिसायची, आणि दर वेळी समोर म्हैस नाही, काहीतरी मोठं असायचं.

नवव्या दिवशी मला सुचलं. हिचा हात बदलत नाही ना, मग होडी बदलू. मी दांड्याच्या टोकाला दोन दोऱ्या अडकवल्या. उजव्या हातातली दोरी होडीच्या डाव्या कडेच्या चक्रीतून फिरवून आणली आणि डाव्या हातातली उजव्या कडेच्या. आता उजवी दोरी ओढली की दांडा डावीकडे जाणार आणि होडी उजवीकडे. अगदी बैलगाडी. उजवा कासरा ओढला की उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे. दोऱ्यांना आकडे लावले, काढायला-घालायला सोपं पडावं म्हणून. आणि दोन्ही हात कासऱ्यात गुंतणार म्हणून शिडाची दोरी अडकवायला बसायच्या फळीजवळ एक मजबूत खुंटी ठोकून दिली.

हो, मीच ठोकली. बैलगाडीत कासऱ्याशिवाय धरायला दुसरं असतं काय? माझ्या डोक्यात होडीची गाडी झाली होती आणि गाडीला शीड नसतं, एवढी साधी गोष्ट मला त्या वेळी दिसली नाही.

पहिल्या दिवशी ती कासरा धरून निघाली तेव्हा काठावर दहा-बारा माणसं जमली होती. तिनं होडी डावीकडे घेतली, उजवीकडे घेतली, गोल फिरवून आणली. वारा नावालाच होता.

"आता दोन बैल जुंपा म्हणजे झालं," ती ओरडून म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो. त्या रात्री मी आडवा झालो आणि सकाळी उन्हं अंगावर आली तेव्हाच उठलो.

पुढचं अख्खं वर्ष मी झोपलो. काठावर जायचो, नाही असं नाही, पण बसून बिडी ओढण्याइतका निवांत झालो होतो. काठापासून थोडं आत, धरण भरताना बुडालेल्या बाभळींचा एक झुपका होता. निम्मी झाडं पाण्यात, निम्मी वर. ती त्या झुपक्यामागे गेली की पाच-दहा मिनिटं दिसायची नाही, मग पलीकडे शीड दिसायचं. येतानाही तसंच. मला वाटायचं, तिथं वारा पडत असेल. तेवढी पाच-दहा मिनिटं मी श्वास धरायचो. बाकी ठीक होतं.

तिच्या हातांवर मात्र सदा ओरखडे असायचे. कोपरापासून मनगटापर्यंत, काही जुने, काही ताजे. मी हळद लावून द्यायचो.

"हे काय लागते तुले रोज?"

"तांड्यावर काट्याच्या कुंपणाईतून जा लागते. लावा ना नीट, बोलत काय राह्यले."

मी लावायचो.

त्या वर्षी कापसानं पुरता घात केला. एरवी तांड्यावरची माणसं दिवाळी करून ऊसतोडीला जायची. त्या वर्षी दसऱ्याच्या आधीच मुकादमाचा ट्रक येणार असं ठरलं. लहान पोरंही सोबत जाणार, आणि एकदा गेली की सहा महिने कुठल्या फडावर असतील, देव जाणे. पोरांच्या लसीचा एक डोस बाकी होता. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. म्हणजे जायचं तर त्याच दिवशी.

सकाळपासून आभाळ गच्च होतं. मी म्हटलं, "आज नको जाऊ."

"मंग कवा जाऊ? ट्रक गेल्यावर?"

"वावधन सुटन." आमच्याकडे झोडपणाऱ्या वाऱ्याला वावधन म्हणतात.

"सुटलं त पाहू," ती म्हणाली आणि डबा घेऊन चालायला लागली. मी मागं मागं. होडीत बसल्यावर तिनं कासऱ्याचे आकडे मला दिसतील असे वर धरून खडखड वाजवले, दांड्याला लावले आणि निघाली. त्यावर मी थोडा शांत झालो, हे कबूल केलं पाहिजे.

दुपारी तीनच्या सुमारास ती परतायला हवी होती. त्याच सुमाराला वाऱ्यानं तोंड फिरवलं. आधी धूळ आली, मग पाणी काळं पडलं आणि त्यावर पांढऱ्या कडा उठायला लागल्या. काठावर माझ्याशिवाय एक म्हातारे भोईकाका होते, जाळं गुंडाळत होते. मी बोलत सुटलो. भीती वाटली की मी लय बोलतो. त्यांना सांगितलं, काळजी नाही काका, आता उलटा दांडा ओढायची भानगडच ठेवली नाही, दोन्ही हातात कासरा दिलाय, बैलगाडीसारखा. मी दोन्ही मुठी आवळून दाखवल्या.

भोईकाका माझ्या मुठींकडे पाहत राहिले.

"दोनी हात कासऱ्यात," ते म्हणाले, "त मंग भाऊ, शिडाची दोरी कोन सोडन?"

मी म्हणालो, "ती खुंटीले..."

साहेबांचे शब्द जसेच्या तसे आठवले. कशाला बांधायची नाही. बांधलेल्या शिडात वारा भरला तर होडी आडवी पडते. आणि मी स्वतः, चार इंची खिळा मारून, ती दोरी बांधायची सोय करून दिली होती. तिचा एक हात मोकळा होता, तोही मी बांधून टाकला होता. वर वर्षभर झोपलो होतो. माझ्या मुठी अजून तशाच आवळलेल्या होत्या, उघडता उघडेनात.

मी पाण्यात उतरलो. गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. पोहता येत नाही, करणार काय होतो तेही ठाऊक नाही. भोईकाकांनी मागून सदरा धरला.

"कुठी चालले? तुमाले काढाले मले जा लागन."

तेवढ्यात बाभळीच्या झुपक्यामागून होडी बाहेर आली. शीड वेडंवाकडं फडफडत होतं, वाऱ्यात सुटलेल्या धोतरासारखं. मला वाटलं शीड फाटलं, संपलं सगळं.

"सोडलं तिनं शीड," भोईकाका म्हणाले. "बरं केलं."

मग शीड खाली आलं, तिनं ते पायाखाली दाबलं आणि वारा मागून घेऊन नुसत्या सुकाणूवर ती काठाकडे यायला लागली. होडी लाटेवर चढायची, दिसायची, खाली जायची, दिसायची नाही. मी मनात एक-दोन-तीन मोजत होतो. किती मोजले ते आठवत नाही. होडी वाळूला लागली तेव्हा मी कमरेइतक्या पाण्यात होतो आणि ते मला काठावर आल्यावर कळलं.

"डबा धरा आधी," ती म्हणाली. "सतरा पोरं झाली. एक राह्यलं, त्याले ताप होता. त्याची माय थांबते म्हने, ट्रकनं जात नाही."

मी डबा धरला नाही. मी होडीत पाहत होतो. कासरा दांड्याला नव्हता. दोन्ही दोऱ्यांची नीट वेटोळी करून माझ्याच खुंटीवर अडकवलेली होती, दावं गुंडाळून ठेवतात तशी. आणि दांडा. मी लांब केलेला तो दांडा टोकाकडे गुळगुळीत झाला होता, काळसर, घामानं पॉलिश झालेला. फिटरला झीज वाचता येते. वर्षभर रोज हाताळल्याशिवाय लाकूड असं होत नाही.

"कवापासून?" मी विचारलं.

ती पदर पिळत होती.

"कवापासून काढून ठेवते?"

"दुसऱ्या दिवसापासून. शिडाची दोरी धराले हात नको का? दांड्याचं जमलं होतं मले. त्या एकाच दिवशी चुकलं, म्हैस पाहून."

"मंग सांगतलं काहून नाही?"

तिनं डबा स्वतःच उचलला. "कसं सांगू? त्या रात्री तुमी घोरले. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी जागी होती, आयकत."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, आधी रागच आला. लहान पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं तिनं मला वर्षभर खेळवलं होतं. मी ओल्या धोतरानं पुढं चालत घरी गेलो. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. जेवायचो, ताट घासायचो आणि बाहेर खाटेवर जाऊन बसायचो. तिनंही मनधरणी केली नाही. पण दोन्ही रात्री मला झोप नव्हती आणि कूस बदलताना कळायचं की तिलाही नाही. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं की आपण जागे असतो तेव्हा ही काही झोपलेली नसते. इतकी वर्षं माझी काळजी ती पाण्यावर सोबत घेऊन जात होती, लसीच्या डब्यासारखी.

तिसऱ्या दिवशी ती तापातल्या त्या एका पोरासाठी निघाली. मी सोबत गेलो. काठावर थांबलो नाही, होडीत बसलो. अंगात हवा भरलेली ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब, दोन्ही हातांनी फळी गच्च धरलेली. आदल्या संध्याकाळी मी जाऊन खुंटी उपटून टाकली होती. तिनं खुंटीचं भोक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एका हातात शिडाची दोरी घेतली, दुसऱ्या हातात दांडा.

वारा बेताचा होता. बाभळींचा झुपका जवळ आला आणि आम्ही त्याच्यामागे गेलो. तिथं वारा पडत नव्हता. काठावरून इतके दिवस मी आपल्या मनानंच ठरवलेलं. उलट तिथं होडी थांबवायची तर झाडालाच धरायला पाहिजे होतं. पाण्यावर झुकलेली एक जाड फांदी होती. सगळ्या फांदीला बोटभर काटे आणि मधे हातभर जागेतले काटे मोडलेले. तिथली साल घासून घासून निघाली होती, आतलं लाल लाकूड दिसत होतं.

"इथी थांबत होती?"

"हो."

"जाताना अन् येताना?"

"हो ना. एका हातानं फांदी धरायची, एका हातानं आकडे." ती समोर पाहत होती. "येताना लावाले जास्त वेळ लागे."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. त्या वर्षभरात त्या ओरखड्यांवर किती हळद लावली होती मी. वाऱ्याच्या दिवशी, लाटांत, भर पावसात, ती इथं काट्यांना धरून उभी राहायची, कारण काठावर एक माणूस होता आणि त्याला कासरा दिसायला हवा होता. माझ्या सगळ्या सुधारणांत तिला धोका झाला असेल तर तो इथं, या फांदीपाशी, रोज दोनदा, आणि तोही माझ्या झोपेसाठी.

माझे डोळे भरले. ट्यूबमुळे पुसताही येईनात. तिनं होडी जराशी धीमी केली होती, सवयीनं असेल, किंवा मी काही बोलेन म्हणून.

"थांबू नको," मी म्हणालो. "चाल, उशीर होऊन राह्यला. पोरगं वाट पाहत असन."

असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. तिनं दांडा उजवीकडे ढकलला आणि होडी डावीकडे, तांड्याच्या बाजूला वळली.